आबा येणार म्हणून लावलेला हॉल

घोडपदेवच्या चाळीत सासू-सासरे, दोन दीर, एक जाऊ आणि आम्ही दोघं एवढी माणसं एका खोलीत राहत होतो. तिथं घटकाभर एकटं बसायला मिळत नाही म्हणून मी सारखी कुरकुरायचे. मग भाजीबाजार मुंबईतून हलून तुर्भ्याला आला, आणि बाजारात माथाडी म्हणून पोती उचलणारे माझे मालकही त्याच्यामागून इकडे आले. घणसोलीच्या एका नव्या इमारतीत आम्हाला बाहेरची खोली, स्वयंपाकघर आणि घरातल्या घरात मोरी-संडास असलेलं घर मिळालं. निघताना जाऊबाई म्हणाल्या, "सुटलीस बाई." मलाही तसंच वाटलं होतं.

इमारत नवी होती म्हणजे रिकामी होती. ज्यांना घरं मिळाली होती त्यांतले बरेच जण अजून मुंबईतच होते. शाळा, दवाखाना, दुकानं झाल्याशिवाय ते येणार नव्हते. आमच्या जिन्यावर बहुतेक दारांना कुलपं. तळमजल्यावर एक दुकान, तेही दुकानदाराच्या मर्जीनं उघडायचं. खिडकीतून मोकळं रान, त्यातून गेलेला रस्ता आणि पलीकडे खाडीच्या बाजूचं आभाळ दिसायचं. वारा इतका सुटायचा की लावलेलं दारही खडखडायचं, आणि मी दरवेळी कोणी आलं म्हणून उठायचे. कोणी आलेलं नसायचं.

मालकांचं काम रात्रीचं. गाड्या रात्री लागायच्या, पहाटे माल उतरायचा, आणि ते सकाळी घरी येऊन भाकरी खाऊन झोपायचे ते पार उन्हं कलेपर्यंत. माणूस चांगला होता, आजही आहे. पण रात्रभर पाठीवर पोती वाहिलेल्या माणसाशी बोलायचं काय? मी काही विचारलं की "हं" म्हणायचे, आणि दुसरं काही विचारेपर्यंत घोरायला लागायचे. म्हणजे रात्री घर रिकामं आणि दिवसा घरात झोपलेला माणूस. मी भांडीसुद्धा आवाज न करता घासायला शिकले.

दुपारभर मी खिडकीशेजारी भिंतीला डोकं टेकून बसायचे. रस्त्यानं जाणारं माणूस दिसलं की ते वळणावरून दिसेनासं होईपर्यंत बघत राहायचं, हा माझा उद्योग. एकदा झाडताना मला भिंतीवर त्या जागी डोक्याएवढा तेलाचा डाग दिसला. मला त्या डागाची लाज वाटली, आणि रागही आला. बसून बसून बाईनं भिंतीला डाग पाडावा, इतकं रिकामपण बरं नव्हे.

मला माहेरी जायचं होतं. कोरेगावाकडचं आमचं गाव, आईची चूल, गोठा, संध्याकाळी ओट्यावर जमणाऱ्या बायका. चार दिवस तिथं जाऊन नुसतं बोलावं, एवढीच इच्छा होती. एसटी काही दूर नव्हती. मालकही एकदा अर्धवट झोपेत म्हणाले, "जा की. टेन्शन कशाला घेते?" पण आमच्याकडे लेक अशी उठून जात नाही. मुराळी यावा लागतो. मुराळी म्हणजे लेकीला न्यायला आलेलं माहेरचं माणूस: बाप, भाऊ, कोणीच नसलं तर चुलत्याचा पोरगा. तो येतो, जावयाला रीतीनं विचारतो, मग लेक पिशवी भरते. मुराळ्याशिवाय एसटीतून उतरलं की फाट्यापासून घरापर्यंत प्रत्येक बाई विचारते, "काय गं, एकटीच?" त्या 'एकटीच'मध्ये भांडली, टाकली, हाकलली, सगळं येतं. माझ्या पोटी अजून मूलबाळ नव्हतं, म्हणजे गावाला कारण शोधायचेही कष्ट नव्हते.

भावाच्या लग्नाला गेले होते तेवढीच. तेव्हा आम्ही चाळीत होतो. त्यानंतर भाऊ त्याच्या संसाराला लागला आणि मला न्यायला यायचं कोणाला सुचलं नाही. निरोप पाठवून 'मला न्या' म्हणायचं, हेही आमच्यात बसत नाही. मागून नेलेली लेक आणि मागून वाढलेलं ताट, दोन्ही कमीपणाचंच.

त्यात एक भर पडली. आमच्या भावकीतली एक चुलती डोळे दाखवायला मुंबईला आली होती, ती येता येता माझ्याकडे डोकावली. चहा प्याली, खोलीभर नजर फिरवली, "बरं हाय बरं हाय" म्हणाली आणि गेली. गावात जाऊन मात्र तिनं सांगितलं की पोरीच्या घरात टेकायला खुर्ची नाही, भिंतींना ओल आलीय, जावई दिवसभर भुईवर झोपलेला असतो आणि पोर भुतासारखी खिडकीत बसते. गावाकडून आल्याची पोती घेऊन येणाऱ्या गाडीबरोबर बाजारात येणाऱ्या एका माणसानं हे मालकांच्या कानावर घातलं, आणि त्यांनी मला सांगितलं. वाईट याचं वाटलं की त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पारावर बसून हे ऐकून घ्यावं लागलं असणार. आबा ताठ माणूस. लेक मुंबईला दिली म्हणून त्यांनीच गावभर पेढे वाटले होते.

आणि मग एका सकाळी मालक भाकरी मोडता मोडता म्हणाले, "तुझे वडील येणारेत. या रविवारी, आल्याच्या गाडीवर. बाजारात गाळ्यावर फोन आला होता."

"न्यायला?" हा शब्द अगदी ओठांवर आला होता. मी तो गिळला आणि विचारलं, "कशाला?"

"ते नाही बोलले." एवढं सांगून ते आडवे झाले.

मी मात्र उभीच राहिले. आबा शेती सोडून उगीच मुंबईला येणाऱ्यांतले नव्हते. मुराळी म्हणूनच येत असणार. पण ते आले आणि चुलतीनं सांगितलेलंच सगळं त्यांच्या डोळ्यांनी पाहिलं, तर मला नेतील ते कीव करून नेतील. मला तसं जायचं नव्हतं. चांगल्या घरातून, नांदत्या घरातून, ताठ मानेनं जायचं होतं. आबांनी खोली बघावी, छाती फुगवावी आणि मग म्हणावं, चल पोरी चार दिवस. हे माझं गणित. तेव्हा मला त्यात कुठं चूक दिसली नाही.

रविवार तोंडावर होता आणि हातात पैसे बेताचे. मी दुकानदाराकडून चुन्याची फक्की, नीळ आणि कुंचा आणला. चुन्यात मीठ आणि डिंकाचं पाणी घातलं म्हणजे तो अंगाला लागत नाही, हे आईकडून माहीत होतं. अडचण एकच होती: भिंती रंगवायच्या दिवसा, आणि दिवसा खोलीत नवरा झोपलेला. मग मी त्यांना वाकळेसकट ओढलं. आधी खिडकीकडून दाराकडे ओढून खिडकीची भिंत केली, मग दाराकडून मधोमध ओढून बाकीच्या केल्या. त्यांना पत्ता नाही. उठले तेव्हा मिशीवर चुना होता आणि डोकं भलत्याच दिशेला. बराच वेळ छताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आपण घर बदललं काय?" त्या घरात आल्यापासून मी पहिल्यांदा मोठ्यानं हसले. तेही हसले, आणि संध्याकाळी कामावर जाताना म्हणाले, "अजून काय काय पाहिजे ते सांग."

त्यांनी फळबाजारातून सफरचंदाची रिकामी खोकी आणली, आणि स्वच्छ निवडलेली बारदानं. खोकी पालथी घालून, एकमेकांना ठोकून मी बसायला बैठक केली. दिवसभर ठोकाठोक चालली होती; मालक त्यातही घोरत होते. तक्रार करायला वर-खाली कोणी राहत नव्हतं, त्यामुळे तेवढी सोय होती. बैठकीवर जुनी वाकळ दुमडून घातली आणि वरून नवी चादर ओढली. बारदानं धुऊन, उकळत्या पाण्यात लाल रंग घालून काढली आणि जोडून जमिनीवर अंथरली. चुलतीनं माझ्या लग्नात आहेर म्हणून दिलेली एक नायलॉनची साडी होती, जी कोणीच नेसू शकलं नसतं. तिचे खिडकीला पडदे केले. आहेराचं सार्थक झालं. पिवळा दिवा काढून तिथं ट्यूब लावून घेतली. ती लागली आणि खोली एवढी उजळली की माझ्याच हातांवरचे चुन्याचे चट्टे मला परक्याचे वाटले.

डाग मात्र ऐकेना. बाकीच्या भिंतीवर चुना सुरेख बसला. खिडकीशेजारी तेलाच्या जागी तो वाळला की डाग पुन्हा वर यायचा. सोड्यानं घासला, राखेनं घासला, वरून दोन हात मारले. डोक्याएवढा गोल तसाच. शेवटी एका बारदानाच्या तुकड्यावर लोकरीनं मोर भरला, खाली झालर लावली आणि तो तिथं टांगला.

त्या दिवसांत माझ्याकडे येणारं माणूस एकच होतं. शेजारच्या तळवली गावातली एक आगरी बाई टोपलीत भाजी आणि सुकट घेऊन यायची. वयानं आईएवढी, मी तिला मावशी म्हणायचे. मोर टांगला त्या दिवशी ती दारातून आत आली आणि टोपली डोक्यावरच ठेवून उभी राहिली.

"काय गो, कोनाचं लगीन हाय?"

"आबा येणारेत माझे. मला न्यायला."

"बोल्ला तुजा बापूस तसा?"

"बोलले नाहीत. पण त्याच्यासाठीच येत असतील."

तिनं टोपली उतरवली, बैठकीवर हात दाबून पाहिला. "मंग तू सांग ना त्याला. आल्याबरोबर सांग, बाबा, मी एकटी कंटाललंय, मना घेऊन चल. त्याला एवरा रंग कशाला?"

"आमच्यात असं सांगत नाहीत, मावशी. त्यांनी विचारायचं असतं."

"तुमचं घाटावरल्यांचं मना काय कलत नाय," ती म्हणाली आणि मला सुकट मोजून देऊन गेली. मी मनात म्हटलं, हिला काय माहीत. हिच्या लेकी शेजारच्या गावांत दिलेल्या. उठलं की चालत माहेरी.

रविवारी आबा मालकांबरोबर सकाळी आले. रात्रभर ट्रकच्या केबिनमध्ये बसून आलेले. धोतराला आल्याची लाल माती लागली होती, टोपी धुळीनं मळलेली. मी पायांवर पाणी घातलं, नमस्कार केला. ते आत आले आणि दाराशीच थबकले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आबांचे डोळे पडद्यांवर गेले, बैठकीवर गेले, मोरावर गेले, वर ट्यूबकडे गेले. तोंड हळूहळू सैल झालं. गेल्या कित्येक महिन्यांपासून या माणसाच्या मानेवर काहीतरी ओझं होतं आणि ते आत्ता उतरलं, हे मला स्पष्ट दिसलं. मला रडू आलं. मी स्वयंपाकघरात पळाले.

परत आले तर आबा दाराजवळ फरशीवर बसलेले.

"आबा, वर बसा की."

"असू दे. मातीत लोळून आलूया. तुझी चादर मळंल."

"मळू दे. धुईन मी."

"न्हाय न्हाय. एवढं निगुतीनं केलंयस." आणि भिंतीला पाठही टेकली नाही त्यांनी. चुना धोतराला लागेल म्हणून नव्हे, धोतर चुन्याला लागेल म्हणून. गावाकडे ओट्यावर पसरून बसणारा माझा बाप माझ्या घरात अंग चोरून बसला होता. मला ते बघवेना, आणि त्याच वेळी अभिमानही वाटत होता, हे खरं सांगते.

जेवणं झाली. मालकांचे डोळे मिटत होते, आबाच म्हणाले, "झोपा जावईबापू, रातीचं जागरण हाय." ते कोपऱ्यात आडवे झाले. आता विचारतील, जावई झोपायच्या आत विचारतील, असं वाटत होतं; त्यांनी नाही विचारलं. मग वाटलं, उठल्यावर विचारतील. आबांनी आईचं, म्हशीचं, सुनेचं सांगितलं. हलक्या आवाजात, कारण जावई झोपलेला. मीही हलक्या आवाजात विचारत होते. मला बोलायचं होतं ते असं कुजबुजत बोलायचं नव्हतं.

मध्येच त्यांनी विचारलं, "करमतं न्हवं हितं?"

आता वाटतं, हाच तो प्रश्न होता. यापेक्षा सरळ त्यांना विचारता येणार नव्हतं. पण मी चुन्यानं धुतलेल्या भिंतींमध्ये बसले होते, आणि वरून ट्यूब लखलखत होती. मी म्हटलं, "न करमायला काय झालं? कामंच संपत नाहीत."

"त्ये दिसतंयच," आबा म्हणाले, आणि समाधानानं मान हलवली.

थोड्या वेळानं ते उठले. गाडी रिकामी होऊन ठाणे-बेलापूर रस्त्यावर थांबणार होती. जावयाला उठवू नको म्हणाले. मी तेव्हाच समजायला हवं होतं. जावयाला न विचारता लेक नेत नाहीत. पण आशा मोठी चिवट असते. मी चपला घालून त्यांच्याबरोबर निघाले. सोडायला जाते की त्यांच्याबरोबरच जाते, हे मी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

रस्त्याला उन्हात गाडी उभी होती. ड्रायव्हर गावचाच. मला बघून तो खाली उतरला आणि केबिनमधल्या सीटवरचं पोतं झटकायला लागला. "या अक्का. तुमच्या आईनं सांगितलंय, अक्काला खिडकीकडं बसव म्हणून. पिशवी न्हाई आणली?"

आबा हसले. "न्हाय रं. ती न्हाय येत."

मग माझ्याकडे वळून, जरा ओशाळल्यासारखे, म्हणाले, "तुला न्यायलाच आलतो बघ. त्या म्हातारीनं गावात कायबाय सांगितलं आन तुझ्या आईनं तोंडाला पाणी लावलं न्हाय दोन दिस. पोर तिथं वाळतीया, जावा आन घेऊन या, एकच धोशा. मीबी म्हटलं, आणावी. जावयाला कसं विचारायचं त्ये गाडीत घोकत आलो. आन दार उघडून बघतो, तर राणीगत राहतीस." त्यांनी टोपी काढून झटकली. "आता तुला कशाला त्या शेणामुतात न्यायची? एवढं मांडल्यालं घर सोडून तुलाबी यावंसं वाटणार न्हाय. तुझ्या आईला म्हणतो, काळजी सोड. पोर रमली."

मला एकच वाक्य बोलायचं होतं. मावशीनं ते मला तयार करून दिलं होतं. आबा, मी एकटी कंटाळलेय, मला घेऊन चला. सीट रिकामी होती, झटकलेली होती, ड्रायव्हर दार धरून उभा होता. पण आबांचं तोंड इतकं सुखावलेलं मी माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं. मी ते वाक्य बोलले असते तर ते तोंड पुन्हा उतरलं असतं, आणि चुलती खरी ठरली असती.

"हो आबा," मी म्हटलं. "आईला सांगा, मजेत आहे."

ते चढले. मधल्या जागेवर त्यांनी आपली पिशवी ठेवली. गाडी हलली तेव्हा खिडकीतून हात बाहेर काढून ते हलवत राहिले, लहान पोरासारखे. मी बघत राहिले. गाडी दिसेनाशी झाल्यावरही बघत राहिले, कारण तशी सवयच होती.

घरी आले तेव्हा मालक उठले होते. "वडील गेले? तुला नाही नेलं?" ते म्हणाले. "मला वाटलं, न्यायला आलेत. मी डब्याचं बघून ठेवलं होतं, खानावळीत." एवढं लांब वाक्य ते त्या महिन्यात बोलले नव्हते. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ मोठा सोडला.

आबांनी गावात काय सांगितलं ते पुढं मला येणाऱ्या-जाणाऱ्याकडून कळत गेलं. पारावर, देवळात, गिरणीत. पडदे काय, गादी काय, भिंती आरशासारख्या. चुलतीचं तोंड बंद झालं. माझ्या घराची गोष्ट दरवेळी थोडी वाढत गेली. एकानं तर मला विचारलं की फ्रीज कुठला घेतला. माझ्याकडे तेव्हा माठ होता.

दिवाळीला भाऊ आला. दारात त्याला बघून मला वाटलं, मुराळी आला. मागून भावजय आली. ती आत येऊन सगळीकडे बोट लावून बघायला लागली, आणि भाऊ म्हणाला, "आबा सारखं तुझ्या हॉलचं सांगत्यात. ही म्हणाली, एकदा बघून येऊ, आपणबी माजघर तसंच करू." मी त्यांना खोकी कशी ठोकायची ते दाखवलं, चुन्यात मीठ किती घालायचं ते सांगितलं. भावजयीनं बारदानाला हात लावून रंग जात नाही ना, ते बघितलं. मुक्काम केला नाही; शेतात ज्वारी उभी होती.

निघताना ती दाराशी माझा हात धरून म्हणाली, "वन्सं, तुमचं बरं हाय. असं घर असल्यावर माणसाला म्हायेराची आठवणसुदिक येत नसंल."

"नाही येत," मी म्हटलं, आणि त्यांना खालपर्यंत सोडायला गेले.